कोरेगाव ते काळा घोडा, व्हाया भायखळा

मुंबईतलं एखादं प्रदर्शन बघणं हे आपल्याकडे सहसा दुसऱ्या कामाच्या शेपटाला बांधलेलं असतं. लग्न आटोपलं, दवाखान्यातले रिपोर्ट हाती आले, गाडीला तीन तास आहेत, चला जहांगीरला चक्कर मारू. चित्रांचं अशा घाईत निभावून जातं. सिरॅमिकचं नाही. भांड्याला पाठ असते, पोट असतं, बूड असतं. त्याच्याभोवती फिरावं लागतं, खाली वाकून कड बघावी लागते. म्हणून वर्षातून एकदा तरी उलटा बेत करावा: आधी प्रदर्शनाची तारीख, मग बाकी सगळं.

तारखेइतकाच वारही महत्त्वाचा. काळा घोडा भागातल्या जहांगीर कलादालनातली प्रदर्शनं साधारणपणे मंगळवारी सुरू होतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात. वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ७, प्रवेश मोफत. उद्घाटन बहुधा पहिल्याच संध्याकाळी. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं, आणि मातीकामाची आवड असलेल्याने ते चुकवू नये. तेव्हा मंगळवारी दिवसा भायखळा, संध्याकाळी उद्घाटन, रात्री मुक्काम आणि बुधवारी पुन्हा काळा घोडा, असा क्रम आपोआप ठरतो. निघण्याआधी दोन्हीकडे फोन करून खात्री करावी. डागडुजीसाठी दालनं बंद ठेवली जातात.

कोरेगावकरांना प्रवास अवघड नाही. सातारा स्टेशन शहराबाहेर माहुलीच्या अंगाला, म्हणजे आपल्याच बाजूला आहे. कोल्हापूरहून येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस तिथे मध्यरात्रीच्या आसपास येते आणि सकाळी मुंबईत सोडते. मध्यरात्रीच्या गाडीचं तिकीट काढताना तारीख दोनदा बघा, सोमवारची की मंगळवारची! दादरला उतरून लोकलने भायखळा गाठलं की पूर्वेला राणीची बाग, आणि बागेच्या दारातच संग्रहालय.

ही इमारत १८७२ साली लोकांसाठी खुली झाली, तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. १९७५ मध्ये तिला डॉ. भाऊ दाजींचं नाव मिळालं. आत शिरल्यावर सोनेरी नक्षीचं छत आणि लोखंडी खांब यांनीच माणूस दबून जातो, पण आपण शोधायची ती जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेली भांडी. १८७० च्या दशकात जे. जे.चे जॉर्ज टेरी यांनी तिथे कुंभारकामाला चालना दिली. सिंधमधल्या झिलईच्या भांड्यांची धाटणी त्यांनी उचलली. त्याच सुमारास, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. लेण्यांतल्या वेली, हंस, माणसं सुरयांच्या पोटांवर उतरली ती अशी. हा माल परदेशी गिऱ्हाइकांना रुचला. आपल्या घरांत मात्र तो फारसा आला नाही. आपण तांब्या-पितळेचे आणि पाण्यापुरते माठाचे.

झिलई म्हणजे नेमकं काय, हे समजून गेलं तर प्रदर्शनात निम्मं कुतूहल जागं होतं. ती काचच असते. वाळूतली सिलिका, ती वितळायला मदत करणारी राख किंवा क्षार, आणि वितळलेली काच ओघळू नये म्हणून थोडी माती. रंग धातूंचा: कोबाल्टचा निळा, लोखंडाचा मधापासून काळ्यापर्यंत कुठलाही. तांबं तर लहरी. भट्टीत भरपूर हवा असेल तर हिरवं, हवा कोंडली तर लाल. काचेच्या गोष्टी सातारा जिल्ह्याला नव्याने सांगायला नकोत. कराडजवळ औंध संस्थानाच्या आश्रयाने उभा राहिलेला ओगले काच कारखाना १९१६ चा, आणि त्याचा प्रभाकर कंदील आजी-आजोबांच्या पिढीत घरोघरी होता. कराडचं रेल्वे स्टेशन आजही ओगलेवाडीतच आहे.

आपल्या कुंभाराचा आवा फार तर ८००-९०० अंशांपर्यंत तापतो. त्या आचेत माती पक्की होते, पण तिची छिद्रं उरतात. म्हणून तर माठ पाझरतो आणि पाणी गार होतं. प्रदर्शनातलं स्टोनवेअर १२०० अंशांच्या पुढे भाजलेलं असतं. तिथे माती स्वतःच काचेकडे झुकते आणि पाणी पीत नाही. लोणच्याची जाड बरणी त्याच कुळातली. सुगडं, बेंदराचे बैल, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे हे पहिल्या घराण्यातले. एकाला कला म्हणायचं आणि दुसऱ्याला बाजारातली वस्तू, हा भेद मला पटत नाही. बिहारमधल्या कुंभार घराण्यात जन्मलेले आणि भाईंदरला स्टुडिओ थाटलेले ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ही भिंत थोडी तरी खचली असावी.

उद्घाटनाच्या संध्याकाळी भांडी बघायचा हट्ट धरू नये. गर्दी असते, पर्स आणि कोपर सांभाळावे लागतात, लहान मुलं बरोबर असतील तर जीव टांगणीला. त्या संध्याकाळी घडवणारा माणूस भेटतो, तेवढा साधून घ्यावा. माती कुठली, भट्टी गॅसची की लाकडाची, कितीव्या खेपेला ही छटा मिळाली, असं विचारलं की कलावंत खुलतात. ‘केवढ्याला?’ हा प्रश्न पहिला नसावा, इतकंच. लाकडाच्या भट्टीत उडालेली राख भांड्यावर बसून तिचीच झिलई होते. अशा भांड्याची आगीकडची बाजू कोणती, हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावं. ज्यांना हे शास्त्र खोलात हवं आहे त्यांनी निर्मला पटवर्धन यांचं ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ मिळवावं. झिलईच्या प्रयोगांत त्यांनी हयात घालवली.

बुधवारी सकाळी शेजारचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं. तिथे टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी आणि जपानी भांडी आहेत. पांढऱ्यावर निळं काम डोळ्यांत साठवून अकराला जहांगीरमध्ये शिरावं. दालन रिकामं असतं. आता सावकाश फिरा. परवानगी काढून एखादा वाडगा उचला आणि उलटा करा. बुडाच्या कडीवर झिलई नसते, कारण असती तर भांडं भट्टीच्या फळीलाच चिकटलं असतं. तिथे उघडी माती दिसते: राखाडी, तांबूस, कधी वाळूसारखी खरखरीत. झिलई जिथे थांबली ती रेघ, तिच्याशी गोळा झालेला जाड थेंब, करणाऱ्याचा शिक्का. नखाने टिचकी मारली तर चांगलं भाजलेलं भांडं खणकन वाजतं. तडा असेल तर आवाज बद्द येतो.

घ्यायचा विचार असेल तर दोन गोष्टी. वाडगा जेवणासाठी आहे की शोभेचा, झिलईत शिसं नाही ना, हे स्पष्ट विचारा. रीतसर काम करणारा सरळ उत्तर देतो. दुसरं असं की, विकल्या गेलेल्या वस्तूशेजारी लाल टिकली लागते आणि ती वस्तू बहुधा प्रदर्शन संपल्यावरच हाती पडते. म्हणजे सोमवारनंतर कोणीतरी ओळखीचं गाठायचं किंवा पार्सलचा खर्च धरायचा. मांडणीबाहेरची छोटी भांडी काही जण लगेच देतात. ती जुन्या सुती साडीत गुंडाळावीत, झाकण वेगळं बांधावं, आत कागद कोंबावा आणि पिशवी वरच्या बर्थवर न टाकता सीटखाली, भिंतीच्या बाजूला ठेवावी. पुण्याला दोन मिनिटांत डबा भरतो, तेव्हा तिथे जागं राहावं.