काट्याला न दिसणारी चरबी

‘वजन कधी साठच्या वर गेलं नाही, तरी मला मधुमेह कसा?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. पिशवीत कांदे आहेत की बटाटे, हे तराजूला कुठे कळतं!

जानेवारी २००४च्या ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन (साखरेविरुद्ध रान उठवणारे युडकिन वेगळे) शेजारी शेजारी. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! सोबतचा मजकूर मिश्कील आहे: युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत आत शिरणं. पण तिथेच याज्ञिकांनी जन्माच्या वेळचं आपलं कमी वजनही नोंदवलं आहे.

ती नोंद गमतीची नव्हती. १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या गटाने गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडात साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान, पण खांद्याच्या फऱ्यामागची चरबी जवळजवळ तेवढीच. म्हणजे वजन कमी असलं तरी चरबी कमी असेलच असं नाही. तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या वाचकाने काट्यापेक्षा कमरेला टेप लावावी. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात, बायकांसाठी ८०.

सहा गावांच्या या अभ्यासातलं माझं आवडतं काम आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांचं. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जवळपास ८०० गरोदर बायकांच्या खाण्याची नोंद त्यांच्या गटाने तपासली. एकूण उष्मांक आणि प्रथिनं यांचा बाळाच्या आकाराशी संबंध लागेना. लागला तो अठराव्या आठवड्यातल्या दुधाशी आणि अठ्ठाविसाव्यातल्या पालेभाज्या-फळांशी. मोबाइलवर कॅलरी मोजत बसणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. (अर्थात संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नव्हे, जिच्या ताटात फळं येतात, तिचं इतरही बरं चाललेलं असू शकतं.)

पुढे २००८मध्ये आणखी एक धागा हाती आला. ज्या मातांच्या रक्तात फोलेट जास्त पण बी-१२ कमी होतं, त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. फोलेट पालेभाजीतून आणि गरोदरपणातल्या गोळ्यांतून मिळतं. बी-१२साठी दूध, अंडी, मांस-मासळी लागते. म्हणून २०१२मध्ये पहिल्या अभ्यासात जन्मलेल्या, तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या झालेल्या मुलामुलींवर नवी चाचणी सुरू झाली. त्यांना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायचं, तेही त्यांना स्वतःची मुलं होण्याच्या आधीपासून.