'बारा बोर' म्हणजे काय रे भाऊ?

*शॉटगन शूटिंगची हौस आहे? मग रेंज गाठण्याआधी निदान तिची भाषा तरी शिकून घ्या. नांदेड-लातूरच्या होतकरू नेमबाजांसाठी खास!*

बारा बोर हा शब्द मराठवाड्यात कुणालाच नवा नाही. बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या वॉचमनच्या खांद्याला ती असते. रानडुकरं ज्वारी-हरभऱ्यात घुसतात म्हणून पीकसंरक्षणाच्या लायसन्सवर एखाद्या शेतकऱ्याकडे ती असते. एखाद्या जुन्या वाड्यात आजोबांच्या नावावरची दुनळी असते. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर घरी परत येते. आता घरच्यांना विचारून बघा, बारा म्हणजे बारा काय? कुणी म्हणेल बारा छर्रे, कुणी म्हणेल बारा गोळ्या. दोन्ही उत्तरं चूक!

हिशेब असा आहे. एक पौंड शिसं घ्यायचं आणि त्याच्या बारा सारख्या गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसते, ती नळी बारा बोरची. आजच्या मापात हा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर होतो. त्याच एका पौंडात वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार, म्हणून वीस बोरची नळी बारापेक्षा अरुंद. थोडक्यात काय, तर आकडा वाढला की नळी बारीक! बोर आणि गेज हे एकाच मापाचे दोन शब्द आहेत. आपल्याकडे बोर म्हणतात, अमेरिकेत गेज. अपवाद फक्त चारशे दहाचा. तिथे आकडा गोळ्यांचा नसून इंचाचा आहे, म्हणजे ०.४१० इंच.

हे सगळं नुसतं जनरल नॉलेज वाटेल, पण इथेच जिवावर बेतू शकतं. वीस बोरचं काडतूस चुकून बारा बोरच्या नळीत टाकलं तर ते पुढे सरकून मध्येच अडकतं. बंदूक रिकामी दिसते. मग माणूस त्यामागे बारा बोरचं काडतूस भरतो, घोडा दाबतो आणि नळी हाताजवळ फुटते. म्हणून तर वीस बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची ठेवायची रीत पडली आहे. खिशात दोन बोरची काडतुसं एकत्र कधीच ठेवायची नाहीत.

आजोबांच्या दुनळीबद्दलही एक गोष्ट. काडतूस जिथे बसतं तो नळीचा मागचा भाग म्हणजे चेंबर. हल्लीची काडतुसं साधारण सत्तर मिलिमीटर चेंबरसाठी असतात, जुन्या विलायती बंदुकांचं चेंबर बऱ्याचदा पासष्टचं असतं. गंमत म्हणजे नवं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण ते उडाल्यावरच पुढून उलगडतं. पण उलगडायला जागा नसली की आतला दाब भलताच वाढतो. तेव्हा 'बसतंय ना, मग चालतंय' हा फंडा इथे नको. आधी जाणकार गनस्मिथला दाखवा. आणि हो, आजोबा गेल्यावर त्यांची बंदूक आपोआप तुमची होत नाही. तुमच्या नावाचं लायसन्स नसताना ती घरात ठेवणं हा गुन्हा आहे.

दुनळी, पण उभी

आपली पारंपरिक दुनळी म्हणजे साइड-बाय-साइड, दोन नळ्या शेजारी शेजारी. स्पर्धेत दिसते ती बहुतेक वेळा ओव्हर-अँड-अंडर, एक नळी वर आणि एक खाली. कारण साधं आहे, डोळ्यापुढे एकच नळी येते आणि नजर फाटत नाही. दोन्ही प्रकारांत बंदूक मधून मोडून उघडते. रेंजवर सगळे बंदूक उघडी टाकून फिरतात ते याचसाठी. लांबूनही कळतं की आत काही नाही. ज्याची बंद आहे त्याच्याकडे सगळे वळून बघतात, आणि त्या बघण्यात कौतुक नसतं!

खांद्याला लागतो तो लाकडी भाग स्टॉक. त्याच्या वरच्या कडेला, जिथे गाल टेकतो, ती कोंब. नळीवरून जाणारी चपटी पट्टी म्हणजे रिब आणि टोकाशी असलेला मणी म्हणजे बीड. रायफलसारखी मागची साइट नसते, तिचं काम तुमचा डोळाच करतो. म्हणून गाल प्रत्येक वेळी त्याच जागी टेकला पाहिजे.

मग येतो चोक. नळीचं तोंड किंचित आवळलेलं असतं. बागेला पाणी घालताना पाइपचं तोंड बोटाने दाबलं की धार लांब जाते, तसंच काहीसं. सगळ्यात आवळलेला तो फुल चोक, म्हणजे बारा बोरमध्ये साधारण एक मिलिमीटर. जराही न आवळलेला तो सिलिंडर. मधे इम्प्रूव्हड सिलिंडर आणि मॉडिफाइड. लांबच्या लक्ष्याला आवळलेला, जवळच्याला मोकळा.

काडतुसात बाहेर प्लास्टिकची नळकांडी, बुडाला टोपी म्हणजे प्रायमर, त्यावर दारू, मग वॉड नावाचा प्लास्टिकचा कप आणि त्यात छर्रे. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं कित्येकांनी पाहिली असतील. छर्ऱ्यांचा आकडाही बोरसारखाच उलटा, नऊ नंबर साडेसातपेक्षा बारीक. ऑलिम्पिकच्या नियमाप्रमाणे एका काडतुसात छर्रे २४ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाहीत. साडेसात नंबरचे घेतले तर ते भरतात सुमारे तीनशे.

मातीचं कबुतर, जे मातीचं नाही

लक्ष्याला म्हणतात क्ले, म्हणजे क्ले पिजन. व्यास ११० मिलिमीटर, वजन साधारण १०५ ग्रॅम. नावात माती असली तरी ही बशी डांबरासारख्या पदार्थात चुनखडीची पूड मिसळून करतात. नावातलं कबुतर मात्र अगदी खरं! १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाली होती. ती प्रथा गेली ते बरंच झालं.

ट्रॅपमध्ये नेमबाजापुढे पंधरा मीटरवर खंदक असतो आणि त्यात पंधरा मशिन्स. तुम्ही आवाज दिला की माइक तो टिपतो आणि बशी ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने तुमच्यापासून दूर पळते. डावीकडे, उजवीकडे की सरळ, हे आधी कळत नाही. प्राथमिक फेरीत एका बशीला दोन बार मिळतात.

स्कीटमध्ये अर्धवर्तुळावर आठ स्टेशन्स आणि दोन टोकांना दोन घरं, एक हाय हाउस, एक लो हाउस. बशा समोरून आडव्या जातात, प्रत्येकीला एकच बार. बशी दिसेपर्यंत बंदूक कमरेपाशी ठेवावी लागते. आवाज दिल्यावर बशी लगेच येईल किंवा तीन सेकंदांनी. ते तीन सेकंद म्हणजे अप्रेझलच्या दिवशी बॉसच्या केबिनबाहेर बसण्यासारखे!

दोन्ही प्रकारांत फेरी २५ बश्यांची आणि बशीचा एक तुकडा उडालेला दिसला तरी हिट. नाहीतर लॉस्ट. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये स्कीट स्त्री-पुरुष एकत्र खेळत होते आणि सोनं जिंकलं चीनच्या झांग शान या मुलीने. पुढच्या, १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवलं गेलं! स्त्रियांना स्वतंत्र स्कीट मिळालं ते २००० साली सिडनीत. यावर काही बोलायची गरज आहे?

आपल्याकडे राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला रौप्य जिंकलं ते डबल ट्रॅपमध्ये. टोकियोपासून तो प्रकार ऑलिम्पिकमध्ये नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंह नरुका यांचं मिश्र स्कीटचं ब्राँझ हुकलं ते ४३-४४ असं, एका बशीने.

राठोड, महेश्वरी, अनंतजीत, तिघंही राजस्थानची. महाराष्ट्राचे स्टार म्हणजे अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे. सगळे रायफल-पिस्तुलवाले. माझ्या मते यात टॅलेंटचा प्रश्न नाही, जागेचा आणि पैशाचा आहे. एअर रायफलला दहा मीटरचा हॉल पुरतो, शॉटगनला मोकळं मैदान लागतं आणि प्रत्येक बाराला एक काडतूस आणि एक बशी कायमची संपते.

मग सुरुवात कुठून?

नांदेडकरांना हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे आणि हैदराबाद विद्यापीठाच्या परिसरातल्या सरकारी रेंजवर ट्रॅप-स्कीटची सोय आहे. क्लबचं सभासदत्व घेऊन क्लबच्या बंदुकीवर, कोचच्या देखरेखीखाली सुरुवात केलेली उत्तम. स्वतःची बंदूक घ्यायची तर वय २१ पूर्ण हवं, कलेक्टर ऑफिसात अर्ज, मग पोलीस व्हेरिफिकेशन. वेळ लागतो, धीर धरा. तोवर गावातच एअर रायफल शिका. ०.१७७ इंच बोर आणि वीस ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही आणि शिस्तीचे धडे तेच.

एक फरक मात्र डोक्यात ठेवा. रायफलचा नेम स्थिर, शॉटगनचा चालता. स्कीटच्या मधल्या स्टेशनवर बशीवर बार टाकलात तर छर्रे पोचेपर्यंत ती निघून गेलेली असते. साधारण चार फूट पुढे मारावं लागतं. याला लीड म्हणतात. आणि बार उडाल्यावरही नळी फिरवत राहायचं, तो फॉलो-थ्रू. नवखे हमखास इथे थांबतात आणि बशीच्या मागे मारतात.

आणि एक टेस्ट तर आत्ताच, ऑफिसच्या खुर्चीत बसून करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून हात लांब करा आणि अंगठा समोरच्या घड्याळावर धरा. आता डावा डोळा मिटा. अंगठा घड्याळावरच राहिला तर तुमचा उजवा डोळा मास्टर. सरकला तर डावा. उजव्या खांद्याने मारणाऱ्याचा डावा डोळा मास्टर निघाला तर कोच डाव्या काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावतो किंवा सरळ डाव्या खांद्याने मारायला शिकवतो. पहिल्याच दिवशी हे त्याला सांगा, पुढचे दोन महिने वाचतील.