आजीची पंचाहत्तरी टीव्हीवर

तुमच्याही घरी असं होतं का? आजीच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ बाबांच्या लॅपटॉपमध्ये, मुंजीचे फोटो हार्ड डिस्कवर. आजी भारतातून राहायला आली की सगळं मोठ्या टीव्हीवर बघायचं असतं, पण फाइल कुणालाच सापडत नाही!

अशा वेळी 'मीडिया सेंटर' हे सॉफ्टवेअर कामाला येतं. ते आपले फोटो, गाणी आणि व्हिडिओ नीट लावून टीव्हीवर दाखवतं. पण कोणतं निवडायचं? आधी ठरवा: बघणार कोण आणि कुठून?

एकाच टीव्हीवर बघायचं असेल, तर कोडी पुरे. ते फुकट आहे. टीव्हीच्या छोट्या बॉक्सवर कोडी टाकायचं आणि त्याला हार्ड डिस्क जोडायची. 2002 मध्ये ते एक्सबॉक्ससाठी सुरू झालं. 'कोडी' हे नाव 2014 मध्ये मिळालं.

दोन-तीन टीव्ही आणि टॅबलेट असतील, तर प्लेक्स किंवा जेलीफिन घ्या. यांत घरातला एक कॉम्प्युटर 'सर्व्हर' होतो. तो बंद असला, तर काहीच दिसत नाही. प्लेक्सवर खातं काढावं लागतं आणि काही सोयींना पैसे पडतात. जेलीफिन पूर्ण फुकट आहे, पण आजीला पुण्यातून बघायचं असेल, तर ती जोडणी आपली आपणच करावी लागते.

माझी चूक सांगतो. आजोबा गोष्ट सांगतायत, असा आमच्याकडे एकच व्हिडिओ होता. डिस्क बिघडली आणि तो गेला. मीडिया सेंटर व्हिडिओ दाखवतं, जपत नाही. म्हणून आधी दुसरी प्रत करा, मग सॉफ्टवेअर निवडा.

शब्दार्थ
पंचाहत्तरी – 75 वर्षं पूर्ण झाल्याचा समारंभ
प्रत – कॉपी

सांगा पाहू: तुमच्या घरातला कोणता व्हिडिओ तुम्ही सगळ्यांत आधी जपाल? का?