जागा सोडली, नोंद राहिली

एखाद्या मोहिमेपुरते संकेतस्थळाचे उपनाव, म्हणजे सबडोमेन, काढावे, ते भाड्याच्या क्लाउड सेवेकडे वळवावे आणि मोहीम संपताच भाडे थांबवून नामनोंद मात्र तशीच ठेवावी, ही संस्थांची जुनी खोड आहे. सेवेने मालकीचा पुरावा मागितला नाही, तर ती सोडलेली जागा कोणीही घेऊ शकतो. मग पाटी संस्थेची आणि दुकान परक्याचे! स्वीडनच्या डिटेक्टिफाय कंपनीने २०१४ साली हा धोका जाहीरपणे मांडला होता. त्या परक्याला उपनावाचे सुरक्षा-प्रमाणपत्रही रीतसर मिळू शकते. ब्राउझर हूं की चूं करीत नाही आणि नागरिक निर्धास्तपणे पासवर्ड देऊन मोकळा होतो.

‘सबजॅक’सारखे, आज्ञा टंकून चालवायचे साधन उपनावांची यादी घेते, प्रत्येक नाव कोठे वळवले आहे ते पाहते आणि ‘असे स्थळ येथे नाही’ अशा धर्तीचे त्या त्या सेवेचे ठरावीक उत्तर आले की इशारा देते. इशारा कधी खोटाही निघतो. तो माणसानेच पडताळावा लागतो. साधन फुकट आहे, अर्थात चोरालाही. उपाय म्हणाल तर आधी नोंद पुसावी, मग सेवा सोडावी, इतकाच. परंतु मोठ्या कार्यालयांत नोंद करणारा एक आणि सेवा बंद करणारा दुसरा. पुसण्याचे काम बहुधा कोणाकडेच सोपवलेले नसते.