अस्वलाच्या जंगलात पिस्तूल न्यायचं का?

एका श्रोत्याने विचारलंय: यूट्यूबवर अमेरिकन शिकारी रायफल असूनही कमरेला रिव्हॉल्व्हर लावतात, आपण कोणतं घ्यावं?

अलास्कात .४४ मॅग्नम किंवा १० एमएम घेतात, कारण तिथे परवाना काढून शिकार करता येते. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, अस्वल त्याच्या अनुसूची १ मध्ये. कलम ११ वाचा हं: जीव वाचवताना प्राणी मेला तर गुन्हा नाही. पण त्या वेळी तुम्हीच हा कायदा मोडत असाल, तर ही सूट नाही! म्हणजे शिकारीला गेलात की 'स्वसंरक्षण' म्हणायची सोयच गेली. अभयारण्यात शस्त्र न्यायलाही आधी लेखी परवानगी लागते.

आमच्या माकुणसारकडे चर्चा बिबट्याची. अस्वल तिकडे मेळघाट-ताडोबात. उन्हाळ्यात पहाटे माणसं मोहफुलं वेचतात, अस्वलालाही तीच हवी असतात. त्याची नजर अधू, त्यामुळे माणूस अगदी जवळ आल्यावर दचकतं आणि थेट अंगावर येतं. पिस्तूल काढायला वेळ कुठला? त्यापेक्षा उजाडल्यावर, दोघं-तिघं मिळून, मोठ्याने बोलत जा. आणि इअरफोन काढा, हा एपिसोड घरी ऐका.