कार्यालयीन संगणन : लेखांक ९ – विंडोजच्या संगणकावरून युनिक्स सर्व्हरवरील फायलींपर्यंत

कार्यालयातील सामायिक फायली युनिक्स घराण्यातील सर्व्हरवर, म्हणजे आजच्या काळात बहुधा लिनक्सवर, ठेवणे का सोयीचे असते याची चर्चा मागील लेखांकात झाली. त्या चर्चेतून एक व्यावहारिक प्रश्न ओघानेच उभा राहतो. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील एखादा मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर आणला, तर यंत्रभागांची आरेखने, चाचणी अहवाल आणि हिशेबाची पत्रके सर्व्हरवर असतात. परंतु आरेखक, लेखापाल आणि भांडारपाल यांच्या टेबलांवर विंडोजचे संगणक असतात. या दोन भिन्न कुळांतील प्रणालींमध्ये फायलींची ने-आण कशी घडते आणि ती बिनचूक व सुरक्षित राहावी यासाठी कोणती व्यवस्था लावावी लागते, हा प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लिनक्सची डिस्क वेगळ्या पद्धतीने आखलेली असते, म्हणून विंडोजला ती वाचता येत नाही, असे अनेकदा सांगितले जाते. हे विधान डिस्क थेट विंडोजच्या संगणकाला जोडली तर बऱ्याच अंशी खरे असले, तरी नेटवर्कवरील वापराला ते लागू पडत नाही. नेटवर्कवरून काम करणारा संगणक सर्व्हरची डिस्क कधी पाहतच नाही; तो ‘अमुक फाईल उघडा’, ‘इतका भाग द्या’, ‘हा मजकूर लिहा’ अशा विनंत्या पाठवतो आणि डिस्कवरील प्रत्यक्ष कृती सर्व्हर स्वतः करतो. त्यामुळे खरा प्रश्न डिस्कचा नसून विनंत्यांच्या ठरलेल्या पद्धतीचा, म्हणजेच प्रोटोकॉलचा आहे. युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत झाला आणि त्या जगात सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेली एनएफएस ही फायली सामायिक करण्याची पद्धत रुळली. याउलट १९८३ च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी आखलेला एसएमबी हा प्रोटोकॉल पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवला आणि तो विंडोजचा अंगभूत भाग बनला.

ही दरी सांधण्याचे श्रेय प्रामुख्याने अँड्र्यू ट्रिजेल यांच्याकडे जाते. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी.चे संशोधन करत असताना, १९९१ च्या अखेरीस, डॉसवर चालणाऱ्या संगणकाला युनिक्स सर्व्हरवरील फायली वापरता याव्यात यासाठी त्यांनी नेटवर्कवरून जाणाऱ्या संदेशांचे निरीक्षण केले आणि त्यांना योग्य उत्तरे देणारा कार्यक्रम स्वतः लिहिला. तो प्रोटोकॉल एसएमबीच होता, हे त्यांना नंतर उमगले. या कार्यक्रमाला १९९४ मध्ये सांबा हे नाव मिळाले. तो मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्यामुळे जगभरातील प्रोग्रॅमरांनी त्याची जोपासना केली. पुढे युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला आपल्या प्रोटोकॉलची माहिती स्पर्धकांना देण्याचा आदेश दिला, २००७ मध्ये न्यायालयाने तो कायम केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या कराराने ती कागदपत्रे सांबाच्या विकासकांनाही पाहता आली. आज लिनक्स सर्व्हरवर सांबा बसवला, की विंडोजच्या संगणकांना तो सर्व्हर एखाद्या विंडोज सर्व्हरसारखाच भासतो. वापरकर्त्याने फाईल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा, सर्व्हरचे नाव, पुन्हा एक तशीच रेघ आणि शेअरचे, म्हणजे सामायिक केलेल्या फोल्डरचे, नाव लिहिले, की फोल्डर उघडते. रोजच्या वापरासाठी ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ या सोयीने त्याला कायमचे ड्राइव्ह-अक्षरही देता येते.

सर्व्हरवर मात्र तीन गोष्टी आधी निश्चित कराव्या लागतात. पहिली गोष्ट शेअरची, म्हणजे कोणता फोल्डर कोणत्या नावाने बाहेर दिसावा याची, नोंद. दुसरी गोष्ट वापरकर्त्याची ओळख. स्वतंत्र सर्व्हरवर सांबा पासवर्डची वेगळी नोंदवही ठेवतो. कारण विंडोज पासवर्ड जसाच्या तसा पाठवत नाही, तर त्यापासून गणिताने काढलेले उत्तर पाठवते, आणि युनिक्सने आपल्या पद्धतीने जतन केलेल्या पासवर्डाच्या ठशावरून ते उत्तर पडताळता येत नाही. म्हणूनच सर्व्हरवर खाते असूनही सांबाच्या नोंदवहीत नाव नसलेल्या कर्मचाऱ्याला प्रवेश नाकारला जातो. तिसरी गोष्ट अधिकारांची. युनिक्समध्ये प्रत्येक फाईलला एक मालक आणि एक गट असतो आणि मालक, गट व इतर अशा तिघांचे वाचन, लेखन आणि अंमलबजावणीचे अधिकार वेगवेगळे नोंदलेले असतात. शेअरने परवानगी दिली, परंतु फाईलने दिली नाही, तर लेखन होत नाही, कारण दोन्ही पातळ्यांवरची संमती आवश्यक असते. एका आरेखकाने केलेली फाईल दुसऱ्याला सुधारता येत नाही ही तक्रार बहुधा येथेच उगम पावते. आणि विभागाचा स्वतंत्र गट करून, नव्या फायलींना तोच गट आपोआप मिळावा अशी खूण फोल्डरवर लावून, गटाला लेखनाचा अधिकार देणाऱ्या सांबाच्या सेटिंगची जोड दिल्यास ती दूर होते. सर्वांना सर्व अधिकार देऊन टाकणे हा सोपा दिसणारा मार्ग या व्यवस्थेचा हेतूच नष्ट करतो.

फायलींच्या नावांचा प्रश्न मराठी कार्यालयांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. युनिक्स रोमन लिपीतील मोठ्या व लहान अक्षरांत भेद करते, विंडोज सामान्यतः करत नाही. युनिक्सला नावात विसर्गासारखे अपूर्णविरामाचे चिन्ह चालते, विंडोजला चालत नाही, त्यामुळे सर्व्हरवरील एखाद्या कार्यक्रमाने ‘१०:३०’ अशी वेळ नावात घातलेली फाईल विंडोजवर विचित्र, तुटक नावाने दिसू शकते. देवनागरी नावांबाबत आणखी एक सूक्ष्म मर्यादा आहे. विंडोजवर नावाची मर्यादा २५५ संकेतांची, तर लिनक्सच्या नेहमीच्या फाईल प्रणालींत ती २५५ बाइटांची असते, आणि यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक वर्ण, मात्रा, अनुस्वार व हलन्तचिन्ह तीन-तीन बाइट घेते. ‘त्र्यंबकेश्वर’ या एका शब्दात असे १३ संकेत आहेत, म्हणजे हा शब्द ३९ बाइट व्यापतो, आणि लिनक्सवर संपूर्ण नाव, विस्तारासह, सुमारे ८५ संकेतांपलीकडे जाऊ शकत नाही. विंडोजवर विनातक्रार जतन झालेले लांबलचक मराठी नाव सर्व्हरवर नाकारले जाते, त्याचे कारण हेच असते. शिवाय ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘ऱ’ दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येत असल्यामुळे डोळ्यांना एकसारखी दिसणारी दोन नावे संगणकाच्या लेखी भिन्न ठरतात. नावे आटोपशीर ठेवणे आणि संपूर्ण कार्यालयाने एकच कळफलक-पद्धत वापरणे, हा त्यावरील साधा व खात्रीचा उपाय आहे.

एकाच वेळी दोघांनी एकच पत्रक उघडल्यास काय होते, हेही समजून घ्यावे लागते. विंडोजच्या संगणकांमधील कुलपांची, म्हणजे फाईल वापरात असल्याच्या नोंदींची, सांबा दखल घेतो आणि दुसऱ्याला ते पत्रक बहुधा केवळ वाचण्यासाठी मिळते. परंतु युनिक्समधील कुलपे सामान्यतः सूचनेच्या स्वरूपाची असल्याने, सर्व्हरवर थेट चालणारा एखादा कार्यक्रम तीच फाईल त्या वेळी बदलू शकतो. म्हणून एका फोल्डरमध्ये लेखनाचा मार्ग शक्यतो एकच ठेवावा.

वर वर्णिलेली सर्व व्यवस्था कार्यालयाच्या आतील नेटवर्कसाठी आहे. कारखाना सिन्नरजवळच्या मुसळगावात आणि कार्यालय नाशिक शहरात असेल, तर प्रवास इंटरनेटवरून होतो आणि तेथे दुसरे साधन लागते. फायली पाठवण्याचा एफटीपी हा प्रोटोकॉल आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण यांनी १९७१ मध्ये मांडला. तथापि त्याच्या मूळ रूपात पासवर्ड उघड्या स्वरूपात जातो. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच हा संपूर्ण संवाद कूटबद्ध करणारा प्रोटोकॉल तयार केला आणि त्याच्याच आधारे एसएफटीपीने फायली नेता-आणता येतात. विंडोजवर त्यासाठी विनएससीपी हा निःशुल्क कार्यक्रम उपलब्ध आहे आणि २०१८ पासून विंडोज १० मध्ये एसएसएचची साधने अंतर्भूतही झाली आहेत. पहिल्या जोडणीच्या वेळी सर्व्हरच्या किल्लीचा ठसा पडद्यावर दिसतो. तो सर्व्हरच्या व्यवस्थापकाकडून दूरध्वनीवर पडताळून घेतल्याशिवाय संमती देऊ नये, कारण आपण खऱ्याच सर्व्हरशी बोलत आहोत याची हमी त्या ठशातच असते.

एसएमबीचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट मात्र इंटरनेटला कधीही उघडे ठेवू नये. या प्रोटोकॉलच्या पहिल्या आवृत्तीच्या विंडोजमधील अंमलबजावणीत सापडलेल्या दोषावर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती दिली होती. तरीही मे महिन्यात वॉनाक्राय आणि जून महिन्यात नॉटपेट्या या घातक कार्यक्रमांनी त्याच दोषाचा वापर करून जगभर हाहाकार माजवला. नॉटपेट्याने मेर्स्क या ज्या जहाजवाहतूक समूहाला ग्रासले, त्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. निर्यातीच्या कंटेनरांसाठी याच बंदरावर विसंबणाऱ्या नाशिकसारख्या जिल्ह्याला हा धोका दूरचा मानता येणार नाही. त्याच मे महिन्यात सांबामध्येही एक गंभीर दोष उघड झाला, त्यामुळे सर्व्हर युनिक्सचा आहे एवढ्यावर कोणी निर्धास्त राहू नये. एसएमबीची पहिली आवृत्ती बंद करणे, दोन्ही बाजूंच्या प्रणाली अद्ययावत ठेवणे आणि सर्व्हरवरील फायलींची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर ठेवणे, ही तीन पथ्ये अपरिहार्य आहेत.

सारांश, कार्यालयाच्या आत सांबा आणि कार्यालयाबाहेरून एसएसएच, ही विभागणी बहुतेक लहान-मध्यम संस्थांना पुरेशी आहे. ज्या संस्थांनी आजवर सोयीसाठी सर्व फोल्डर सर्वांना खुले ठेवले असतील, त्यांनी कोणत्या विभागाला कोणता फोल्डर आणि कोणता अधिकार, याचा तक्ता प्रथम कागदावर करावा आणि मगच सर्व्हरला हात लावावा. सुरक्षित प्रती घेण्याच्या पद्धतींचा तपशील पुढील लेखांकात येईल.