परदेशीं शिकवावयास जातां?

आमच्या वडाळ्याच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांस वाटतें कीं, शिक्षण संपतांच दूरदेशीं एखाद्या आडगांवीं जाऊन दोन महिने शिकवावें. इच्छा स्तुत्य आहे. परंतु जाणाऱ्यानें निघण्यापूर्वींच तेथील भाषेस आरंभ करावा, आणि तेथील शिक्षकाची जागा न घेतां त्याच्या हाताखालीं काम करावें. असें आम्ही कां म्हणतों?

मिस सिंथिया फॅरार ह्या अमेरिकन बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईस उतरल्या. सुवेझचा कालवा १८६९ सालचा. तेव्हां हा प्रवास महिनेच्या महिने चाले. तिशी उलटल्यावर त्यांस मराठी मुळाक्षरांपासून शिकावी लागली. मुलींनीं शिकणेंच लोकांस रुचत नसे, मग परक्या बाईकडून शिकणें तर दूरच! तरी त्या टिकल्या. मध्यंतरीं मायदेशीं जाऊन परतल्या, व १८३९ पासून अहमदनगरीं, म्हणजे आजच्या अहिल्यानगरीं, मुलींस शिकवूं लागल्या. तेथील शाळा जोतीराव फुल्यांनीं पाहिल्या, त्या त्यांच्या मनांत भरल्या, आणि १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. पुढें तेथें शिकविणाऱ्या सावित्रीबाई मराठी घरांतल्याच होत्या. पाहुण्या शिक्षकानें ह्याहून अधिक काय इच्छावें?

फॅरारबाई १८६२ सालीं नगरासच निवर्तल्या.